भरत आलेल्या चेहऱ्यावर नवे फोड: बर्न्स वॉर्डातली हर्पीसची एक केस

ही केस पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलच्या बर्न्स युनिटमधली आहे. पेशंटचं वय, गाव, घरची माणसं हे थोडं इकडचं तिकडं केलंय, आजाराचा आणि औषधांचा क्रम मात्र झाला तसाच ठेवलाय. मी फिजिशियन. म्हणजे भाजलेला पेशंट माझा नसतो, प्लास्टिक सर्जनचा असतो, आणि मला रेफरन्स येतो तो शुगरसाठी, क्रिएटिनिनसाठी (किडनी किती चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी, किडनी थकली की आकडा चढतो) नाहीतर 'ताप उतरत नाहीये, प्लीज बघून घ्या' एवढ्यासाठी. ही केस तिसऱ्या प्रकारातली. लिहायचं कारण असं की भाजलेल्या पेशंटला दोन आठवड्यांनी ताप आला आणि जखम बिघडली की आपण सगळे सुडोमोनास, असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला या तीन जंतूंच्या नावांपुढे सहसा जातच नाही. व्हायरसची आठवण होते ती अँटिबायोटिक्सची यादी संपल्यावर, आणि तोवर किडनीला जे भोगायचं ते भोगून झालेलं असतं.

पार्श्वभूमी

पेशंट ३८ वर्षांचा, धंद्याने आचारी. लग्नसराईत एका कार्यालयाच्या मागच्या बाजूला शेगडी पेटवताना गॅसच्या पाइपातून गळती होती, काडी लावली आणि भडका उडाला. चेहरा, मान, दोन्ही हात आणि छातीचा पुढचा भाग, असं मिळून अंगाची साधारण २८ टक्के कातडी भाजली होती. चेहरा-मान वरवरचं, म्हणजे नीट सांभाळलं तर ग्राफ्टशिवाय, म्हणजे दुसरीकडची कातडी न लावता, दोन-अडीच आठवड्यांत भरून येईल असं. हात मात्र खोल. नाकातले केस करपलेले, आवाज बसलेला आणि चेहरा बघता बघता सुजत चाललेला, म्हणून श्वासनलिकेत ट्यूब टाकली ती चौथ्या दिवशी काढली. वजन ६४ किलो, पार्कलंडच्या हिशोबाने (वजन आणि भाजल्याच्या टक्क्यांवरून सलाइन ठरवायचं सूत्र) पहिल्या २४ तासांत साधारण सात लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन), त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. तो भाग व्यवस्थित पार पडला, लघवी चांगली होती, क्रिएटिनिन ०.८.

शुगर होती. दोन वर्षांपूर्वी सापडलेली, गोळ्या सुरू केल्या आणि बरं वाटतंय म्हणून मधेच सोडल्या, आपल्याकडची नेहमीची गोष्ट. इन्सुलिनवर ठेवला. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह.

सहाव्या दिवशी दोन्ही हातांची कोपरापासून मनगटापर्यंतची मेलेली कातडी काढून मांडीची कातडी लावली, दोन बाटल्या रक्त गेलं. बोटं आणि हाताची मागची बाजू पुढच्या ऑपरेशनला ठेवली, ते अठराव्या दिवशी ठरलं होतं. ग्राफ्ट चांगला बसला. बाराव्या दिवसापर्यंत चेहऱ्यावर झाकण म्हणून लावलेली कोलाजेन शीट कडेने सुटायला लागली होती आणि खाली गुलाबी नवी कातडी दिसत होती, घरचे फोटो काढून गावाकडे पाठवत होते, थोडक्यात सगळं मार्गावर होतं.

अडचण

तेराव्या दिवशी संध्याकाळी १०२ ताप. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला हनुवटीवर आणि वरच्या ओठाच्या कडेला, जिथे आदल्या दिवशी कातडी आली होती, तिथेच बारीक बारीक जखमा. नोट्समध्ये 'हनुवटीवर इन्फेक्शन, स्वॅब पाठवला' अशी एक ओळ आहे. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक सुरू झालं. स्वॅबमध्ये असिनेटोबॅक्टर आला, नेहमीसारखाच बहुतेक औषधांना न जुमानणारा, म्हणून पंधराव्या दिवशी ते बंद करून मेरोपेनेम आणि कोलिस्टिन ही आणखी भारी अँटिबायोटिक्स, त्यातलं कोलिस्टिन किडनीला जड.

यात कोणी काही वेडंवाकडं केलं असं नाहीये. भाजलेल्या पेशंटमध्ये जंतूंचं रक्तात पसरणं हे मरणाचं मोठं कारण आहे आणि रात्री अकरा वाजता ताप चढलेल्या पेशंटसमोर उभा असलेला रेसिडेंट जे करेल तेच झालं. पण त्याच वेळी समोर असलेल्या काही गोष्टी जुळत नव्हत्या. पांढऱ्या पेशी ७,२००, म्हणजे वाढलेल्या नाहीत. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी, ४८ तासांनंतरही कोरं. प्रोकॅल्सिटोनिन (जंतूंच्या इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढतं ते) थोडं वाढलेलं, पण मोठ्या बर्न्समध्ये ते तसंही वरखाली होत राहतं. बीपी ठीक, शुद्धीत, जेवतोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या हातांवर ऑपरेशन झालं, जिथे जखम खोल होती, तिथे काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते सगळ्यात हलक्या, सगळ्यात चांगल्या भरलेल्या जागी.

सोळाव्या-सतराव्या दिवशी जखमा वाढून मानेवर आल्या, उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीच्या कडेला दोन फोड आले. ताप रोजचा. क्रिएटिनिन १.५. आता बुरशी असेल, अँटिफंगल सुरू करावं का, या प्रश्नासाठी मला बोलावलं.

जखम जवळून बघितल्यावर

मी गेलो तेव्हा ड्रेसिंग चालू होतं हे नशीब, कारण पट्टी बांधलेल्या पेशंटचा रेफरन्स आपण बऱ्याचदा फाइल बघूनच लिहितो. ड्रेसिंगच्या सिस्टर वीसेक वर्षं हेच काम करतायत. त्या म्हणाल्या, "सर, हे सुडोमोनासचं नाही वाटत, वास नाहीये आणि सगळी भोकं सारखी आहेत."

खरंच सारखी होती. प्रत्येक दोन ते चार मिलिमीटरची, गोल, कडा सरळ कापलेल्या, पंचिंग मशीनने कागदाला पाडतात तशी. पाचसहांचा एकेक घोळका, आणि जिथे घोळका एकत्र आला होता तिथे जखमेची कड नागमोडी झाली होती, म्हणजे वेगवेगळे गोल एकमेकांत मिसळलेत हे कळत होतं. तळ लाल, पू जवळपास नाही, हिरवट रंग नाही, मधासारखी खपलीही नाही. मानेवर सगळ्यात बाहेरच्या बाजूला तीन पाण्याचे फोड अजून फुटायचे होते आणि त्यातल्या दोघांना मध्ये खळगा होता. पेशंट सांगत होता की भाजल्याचं दुखतं ते वेगळं, हे चुरचुरतं, मुंग्या आल्यासारखं होतं आणि मग फोड येतो.

त्याची आई बाहेर बाकावर बसली होती. मी विचारलं, "मावशी, याला आधी कधी तोंडाला असं यायचं का?" त्या लगेच म्हणाल्या, "लहानपणापासून येतंय की. ताप आला, उन्हात काम केलं की ओठाच्या कोपऱ्यावर फुटतंच ह्याच्या. चार दिवसांत जातं. मी त्या दिवशी म्हटलं पण ह्यास्नी, तर म्हणाले भाजल्याचंच आहे."

इथे थोडं आतलं कारण सांगायला हवं. हर्पीस सिम्प्लेक्स टाइप १ हा व्हायरस बहुतेकांना लहानपणीच लागतो, घरातल्या कोणाच्या तरी मुक्यातून, लाळेतून. पहिल्यांदा काही होतं किंवा होतही नाही, आणि मग तो चेहऱ्याच्या नर्व्हच्या मुळाशी, ट्रायजेमिनल गँग्लियनमध्ये, जन्मभर पडून राहतो. मोठं भाजलं की शरीराची टी-पेशींची प्रतिकारशक्ती काही आठवडे खाली जाते. वरून ऑपरेशन, शुगर, ताप, आणि त्याच नर्व्हच्या हद्दीतली कातडी सोललेली. व्हायरस खाली उतरतो आणि त्याला लागते ती जिवंत, नवी, भराभर वाढणारी कातडी. म्हणून तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतो आणि म्हणूनच वरवरच्या, भरत आलेल्या भागात, ग्राफ्टच्या किंवा कातडी काढलेल्या जागेच्या कडेला दिसतो. पूर्ण जळून गेलेल्या कातडीत त्याला वाढायला पेशीच नसतात. 'सगळ्यात चांगली जागाच का बिघडली' या कोड्याचं उत्तर हे.

पर्याय काय होते

पहिला, बुरशीचा. अँटिफंगल सुरू करायचं, बायोप्सी पाठवायची, कोलिस्टिन चालू ठेवायचं. सर्जनसरांचा कल सुरुवातीला इकडे होता आणि त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं, शुगरचा पेशंट, दोन-तीन भारी अँटिबायोटिक्स, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवलेली नळी), बुरशीला लागणारं सगळं हजर होतं. पण बुरशीची जखम काळी पडते, खोल जाते, कड मरत जाते. ही तशी नव्हती.

दुसरा, जखमेतून व्हायरसचा पीसीआर (त्याचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पाठवायचा आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं. सॅम्पल पुण्याला जाणार, मधे रविवार, रिपोर्टला तीन दिवस. शिवाय तो योजनेच्या पॅकेजमध्ये बसतो की पेशंटने भरायचा, यावर फोनाफोनी. तीन दिवस थांबून नुकसान काय, तर हर्पीसने वरवरची जखम खोल होऊ शकते, जी आपोआप भरणार होती तिला ग्राफ्ट लागू शकतो, आणि चेहऱ्यावर ते फार महाग पडतं. डोळ्यात गेला तर बुबुळावर डाग. फुफ्फुसात किंवा लिव्हरमध्ये पसरला तर जिवावर. असं पसरणं रोज घडत नाही, पण मोठ्या बर्न्समध्ये घडतं, आणि या पेशंटच्या घशात चार दिवस ट्यूब होती, श्वासनलिकेचं अस्तर आधीच सोललेलं.

तिसरा, आजच झँक स्मिअर करायचा आणि बघून अ‍ॅसायक्लोव्हिर, म्हणजे हर्पीसचं औषध, सुरू करायचं. फोडाचा तळ हलक्या हाताने खरवडून काचेवर घ्यायचा, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली अनेक केंद्रं असलेल्या मोठ्या पेशी शोधायच्या. खर्च जवळपास शून्य, अर्ध्या तासाचं काम. तोटा असा की तो हर्पीस सिम्प्लेक्स आणि कांजिण्या-नागीण करणारा व्हायरस यांत फरक सांगत नाही, आणि निगेटिव्ह आला म्हणून सुटका नाही.

रक्तातल्या आयजीजी, आयजीएम या अँटिबॉडींच्या चाचण्यांचाही विषय निघाला, कारण लॅबच्या यादीत त्या वर असतात. त्या नको म्हटलं. आयजीजी निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांत पॉझिटिव्ह येणार, त्यातून आत्ताच्या जखमेबद्दल काहीच कळत नाही, आणि आयजीएम बेभरवशाची. सॅम्पल घ्यायचं ते जखमेतूनच, तेही ताज्या फोडातून.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला आणि दुसऱ्यातला पीसीआरही पाठवला. स्किनच्या मॅडम ओपीडी सोडून आल्या, मानेवरच्या न फुटलेल्या फोडाचं छत उघडून स्मिअर घेतला, तासाभरात फोन, मोठ्या बहुकेंद्री पेशी भरपूर. अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून त्याच दुपारी.

डोसवर चर्चा झाली. कातडी आणि तोंडापुरता आजार असेल तर किलोमागे ५ मिग्रॅ दर आठ तासांनी, मेंदू, फुफ्फुस किंवा सगळीकडे पसरलेला असेल तर १०. छातीचा एक्स-रे स्वच्छ, ऑक्सिजन लागत नाही, लिव्हरचे एन्झाइम्स किरकोळ वाढलेले, शुद्ध चांगली, म्हणून ५ वर सुरू केलं आणि २४ तासांत नवे फोड हातापायांकडे गेले किंवा दम लागला तर १० वर जायचं असं फाइलमध्ये लिहून ठेवलं. क्रिएटिनिन १.५ वर हिशोबाने किडनीची चाळण मिनिटाला ६० मिलीच्या आसपास येत होती, म्हणजे आठ तासांचं अंतर चालण्यासारखं, पण क्रिएटिनिन चढत असताना तो हिशोब खोटा बोलतो, म्हणून रोज क्रिएटिनिन. अ‍ॅसायक्लोव्हिरचे खडे किडनीच्या नळ्यांत बसतात, ते टाळायला प्रत्येक डोस पातळ करून तासभर चालवायचा आणि सलाइन भरपूर. हे औषध शिरेला झोंबतं, बाहेर गळलं तर कातडी खराब करतं, आणि या माणसाच्या हातांना शीर उरलीच नव्हती, त्यामुळे सेंट्रल लाइनमधूनच.

खरी ओढाताण अ‍ॅसायक्लोव्हिरवर झालीच नाही, ती कोलिस्टिन बंद करण्यावर झाली. नवीन औषध सुरू करताना कोणी फारसं अडवत नाही, चालू असलेलं काढताना मात्र सगळ्यांना भीती वाटते. सर म्हणाले, "स्वॅबमध्ये असिनेटोबॅक्टर आहे आणि तुम्ही कोलिस्टिन काढताय, उद्या रक्तात गेला तर?" माझं म्हणणं असं की स्वॅब पृष्ठभागाचा आहे, दोन आठवडे वॉर्डात असलेल्या कुठल्याही जखमेवर काहीतरी उगवणारच, तो तिथे राहतोय म्हणजे तो आजार करतोय असं नाही, ब्लड कल्चर कोरं आहे, आणि कोलिस्टिन अधिक अ‍ॅसायक्लोव्हिर म्हणजे किडनीवर दोन्हीकडून मार. शेवटी मधला मार्ग निघाला. कोलिस्टिन त्याच दिवशी बंद, मेरोपेनेम ब्लड कल्चरचा पाच दिवसांचा शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत चालू, तो कोरा आला की तेही बंद. अँटिफंगल सुरूच केलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलावलं. फ्लुरोसिन हा रंग टाकून निळ्या उजेडात बघितलं, बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी ती हर्पीसची खूण नव्हती, फक्त पापणीची कड. अ‍ॅसायक्लोव्हिरचं डोळ्यात घालायचं मलम दिवसातून पाच वेळा. आणि एक गोष्ट याच भेटीत सापडली, पापण्यांच्या सुजेसाठी सातव्या-आठव्या दिवशी लिहिलेले अँटिबायोटिक अधिक स्टिरॉइडचे थेंब अजून चालूच होते. हर्पीसच्या शेजारी स्टिरॉइडचे थेंब म्हणजे बुबुळाला निमंत्रण. ते तिथल्या तिथे बंद.

अठराव्या दिवसाचं बोटांचं ऑपरेशन पुढे ढकललं. हा निर्णय सोपा नव्हता. बोटांवरची खोल जखम जेवढी उघडी राहते तेवढी नंतर आखडते, आणि आचाऱ्याचे हात आखडले म्हणजे पोटावर पाय. उलट बाजूला, व्हायरस जोरात असताना मांडीवर नवी कातडी सोलली तर तिथेही फोड उठू शकतात आणि लावलेला ग्राफ्ट जाऊ शकतो. नवे फोड यायचे थांबून तीन दिवस झाले की ऑपरेशन, असं ठरलं, आणि तोवर फिजिओथेरपिस्टने स्प्लिंट लावून रोज व्यायाम.

वॉर्डाचं काय

हा भाग केस प्रेझेंटेशनमध्ये दोन मिनिटांत उरकतात, पण आमचा निम्मा दिवस यातच गेला. शेजारच्या कॉटवर दोन वर्षांचं मूल, अंघोळीच्या कढत पाण्याने पोळलेलं, १५ टक्के. झँक दोन व्हायरसमध्ये फरक करत नाही, त्यामुळे पीसीआर येईपर्यंत हे कांजिण्या-नागिणीच्या कुळातलं नाहीच असं छातीठोक सांगता येत नव्हतं. कांजिण्या हवेतून पसरतात, पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, आणि संपर्कात आलेल्या, आधी न झालेल्या माणसाला आठव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत वेगळं ठेवायला लागतं. भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात ते शिरलं तर वॉर्ड बंद. आमच्या पेशंटला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या होत्या आणि फोड फक्त चेहरा-मानेपुरते होते, तरी रिपोर्ट येईपर्यंत साइड रूम, दार बंद. ड्युटीवर कोणाला कांजिण्या झाल्या नाहीत, लस घेतली नाही, कोण गरोदर आहे हे विचारून ड्युटी बदलल्या.

हर्पीस सिम्प्लेक्स हवेतून असा पसरत नाही, तो हातांनी आणि वस्तूंनी जातो, आणि वस्तू म्हटल्यावर इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरनी पहिल्यांदा ड्रेसिंग ट्रॉलीवरचा मलमाचा मोठा डबा उचलला. एकच डबा, सगळ्या पेशंटना, दर वेळी नवीन स्पॅच्युला वापरायचा असा नियम, आणि गर्दीच्या दिवशी तो नियम किती पाळला जातो हे सगळ्यांना माहीत. तो डबा फेकला. पेशंटनिहाय छोट्या ट्यूब, या पेशंटचं ड्रेसिंग सगळ्यात शेवटी, ग्लोव्हज-गाऊन त्याच खोलीत काढायचे. एका वॉर्डबॉयच्या ओठावर स्वतःचाच फोड होता, तो बिचारा काही न बोलता मास्क लावून काम करत होता, त्याला खपली पडेपर्यंत ड्रेसिंग रूममधून स्टोअरला पाठवलं. अशा माणसाने भाजलेल्या जखमेला हात लावू नये हे आमच्याकडे कुठे लिहिलेलंच नव्हतं. लेकराला पुढचे दोन आठवडे रोज बघितलं, काही झालं नाही.

घरच्यांशी बोलणं

रिपोर्टवर 'हर्पीस' वाचून पेशंटच्या बायकोने मोबाइलवर शोधलं आणि संध्याकाळी वॉर्डाबाहेर वेगळंच भांडण सुरू झालं. दोघांना समोर बसवून सांगितलं की हा तोंडाचा प्रकार, लहानपणीच लागलेला, कधीतरी ओठावर फोड येणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत, आणि त्याच्या आईनेच तो लहानपणापासून बघितलाय. आईची साक्ष कामाला आली. भावाचा प्रश्न वेगळा होता, "दोन बाटल्या रक्त चढवलं, त्यातून आलं का?" नाही. रक्तपेढीत प्रत्येक बाटली एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासावीच लागते, आणि हा त्याच्याच शरीरात आधीपासून होता. हे बोलणं रिपोर्ट हातात द्यायच्या आधी झालं असतं तर ते भांडण टळलं असतं. पीसीआर पाठवतानाच पाच मिनिटं बसून सांगायला हवं.

मधेच उगवलेला सीएमव्ही

लॅबने व्हायरसचं पॅनेल, म्हणजे एकदम अनेक व्हायरसची तपासणी, केलं. विसाव्या दिवशी रिपोर्ट, जखमेत हर्पीस सिम्प्लेक्स टाइप १ पॉझिटिव्ह, कांजिण्यांचा व्हायरस निगेटिव्ह, साइड रूमचं दार उघडलं. सोबत रक्तात सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही, हर्पीसच्याच कुळातला) पॉझिटिव्ह, कमी प्रमाणात. आता याचं काय करायचं? भारतात बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांना सीएमव्ही कधी ना कधी होऊन गेलेला असतो आणि तोही शरीरात झोपून राहतो. मोठ्या बर्न्समध्ये तो जागा होणं नेहमीचं आहे, पण त्याने पेशंटचं किती बिघडतं, उपचार केल्याने किती सुधारतं, यावर एकमत नाही. औषध गॅनसायक्लोव्हिर, ते बोन मॅरो दाबतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स खाली आणतं, आणि जखम भरायच्या काळात हे कोणालाच नको असतं.

बघितलं ते हे: दम नाही, जुलाब नाहीत, प्लेटलेट्स चांगल्या, लिव्हर सुधारतंय, डोळ्याचा पडदा स्वच्छ, ताप उतरायला लागलाय. म्हणून रिपोर्टवर उपचार केला नाही, आठवड्याने परत तपासायचं ठरलं. परत तपासला तेव्हा सापडला नाही. हाच रिपोर्ट व्हेंटिलेटरवर असलेल्या, प्लेटलेट्स पडत चाललेल्या ६० टक्क्यांच्या पेशंटचा असता तर मी कदाचित वेगळं वागलो असतो. पॅनेल मागवलं की नको ती उत्तरंही येतात, तेव्हा लॅबला फॉर्मवर नक्की काय हवंय ते लिहिलेलं बरं.

निकाल

अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी ताप गेला. विसाव्या दिवसानंतर नवा फोड नाही. क्रिएटिनिन १.७ पर्यंत चढलं आणि आठवड्यात ०.९ वर आलं. ब्लड कल्चर शेवटपर्यंत कोरं, मेरोपेनेम बंद, आणि असिनेटोबॅक्टर स्वॅबमध्ये पुढेही दिसत राहिला पण त्याने काही केलं नाही. शिरेतून सात दिवस झाल्यावर तोंडाने व्हॅलासायक्लोव्हिर (त्याच औषधाचा गोळीचा प्रकार), एकूण चौदा दिवस.

बोटांचं ऑपरेशन चोविसाव्या दिवशी झालं, ग्राफ्ट बसला, मांडीवरही फोड आले नाहीत. एकोणचाळिसाव्या दिवशी घरी. मानेवरचं सगळं बिनडाग भरलं. हनुवटीवर आणि वरच्या ओठावर, जिथे पहिल्यांदा सुरू झालं आणि चार दिवस जास्त चाललं, तिथे मात्र खळगे राहिले, मिशी नीट येत नाही. तीन महिन्यांनी उजव्या हाताची करंगळी थोडी वाकडी, बाकी पकड चांगली. ते आठवड्याभराचं लांबणं करंगळीला नडलं का, हे ठामपणे सांगता येणार नाही, ती बोटं आधीपासूनच सगळ्यात खोल होती.

वेगळं काय करता आलं असतं

चौदाव्या दिवशीच स्मिअर होऊ शकला असता. त्या दिवशी फोड ताजे होते, आई जवळच होती. आता आमच्या अ‍ॅडमिशन शीटवर 'ताप आल्यावर ओठावर फोड येतात का' आणि 'कांजिण्या झाल्यात का' असे दोन प्रश्न आहेत. शीट भरली जाते ती पेशंट कण्हत असताना, त्यामुळे हे दोन रकाने कोरे राहतात हे लक्षात आल्यावर ते ड्रेसिंग शीटवर हलवले, कारण तिथे सिस्टर रोज भेटतात आणि नातेवाइकांशी बोलतात.

ताप आल्यावर स्वॅब पाठवायच्या आधी जखमेचा फोटो आणि वर्णन लिहायचं. 'इन्फेक्शन' या शब्दात हिरवा पू आणि गोल कापलेली भोकं दोन्ही बसतात. लिहिताना आकार, कड, वास, कुठल्या भागात, एवढं लिहिलं असतं तर माझी गरजच पडली नसती.

डोळ्यांच्या थेंबांसारखी औषधं, जी एका डॉक्टरने लिहिली आणि दुसऱ्याने थांबवायची असतात, ती आठवड्याने आपोआप रिव्ह्यूला यायला हवीत. हे अजून जमलेलं नाही.

एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही. चेहरा भाजलेल्या प्रत्येकाला पहिल्यापासून अ‍ॅसायक्लोव्हिर द्यावं का? चेहऱ्यावर लेझर करताना त्वचारोगतज्ज्ञ हर्पीसचं औषध आधीच सुरू करतात, तिथे ते रुळलंय, म्हणून सर्जनसर म्हणतात इथेही सगळ्यांना द्या, गोळी स्वस्त आहे. मला ते पटत नाही. बर्न्समध्ये सगळ्यांना दिल्याने फायदा होतो असा पक्का पुरावा नाही, पहिल्या आठवड्यात किडनी आधीच ताणलेली असते, आणि बहुतेकांना हा त्रास होतच नाही. ज्याला वारंवार ओठावर येतं आणि ज्याचा चेहरा भाजलाय, त्याला तोंडाने औषध, बाकीच्यांवर नजर, एवढ्यावर सध्या काम चाललंय. या पेशंटला मात्र पुढच्या ऑपरेशनसाठी, म्हणजे ती करंगळी मोकळी करायला येईल तेव्हा, दोन दिवस आधीपासून गोळी सुरू करायची, हे त्याच्या डिस्चार्ज कार्डवर वरच लिहिलंय आणि आईला तोंडी सांगितलंय.